टँक कळकला

मार्चमधल्या एका सकाळी माझ्या रीफ टँकचे, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचे, दिवे लागले आणि वाळूवर चार टर्बो गोगलगायी उताण्या पडलेल्या दिसल्या. गोगलगाय उताणी पडणं नवीन नाही. काचेवरून घसरतात, पडतात, आपण बाही वर करून हात घालायचा आणि सुलटी करायची. या मात्र सुलट्या करूनही काच धरेनात. दोन दिवसांनी क्लीनर श्रिम्पची कात दिसली आणि कातीशेजारी तो स्वतः, मेलेला. मश्रूम कोरल आकसून बटणाएवढे झाले होते, ॲक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या कोरलची टोकं पांढुरकी पडत होती. मासे मात्र मजेत. क्लाउनफिशची जोडी नेहमीसारखी माझ्या बोटावर धावून येत होती.

मासे खुशाल आणि कणा नसलेले सगळे जीव आजारी, असं दिसलं की रीफ टँक पाळणाऱ्या कुणाच्याही तोंडी पहिला शब्द येतो: तांबं. पण तो लगेच खरा मानू नये. कोरल आजारी पडण्याची बहुतेक कारणं साधी असतात. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, एकदम वरखाली झालेली असते, सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, मोजायचं यंत्र चुकत असतं, हीटर अडकलेला असतो, किंवा नायट्रेट-फॉस्फेट कमी करण्याच्या नादात ते शून्यावर गेलेलं असतं. हे सगळं घरच्या घरी अर्ध्या तासात तपासता येतं. मी तपासलं. अल्कलिनिटी ८.४ डीकेएच (हे तिचं एकक), सॅलिनिटी ३५, तापमान २५.५ अंश. सगळं जागच्या जागी. मग पाण्याची नळी भरून लॅबला पाठवली, आणि दहा दिवसांनी रिपोर्ट आला: तांबं २४, जस्त ३१.

हे आकडे मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात. हौशी मंडळी त्यालाच पीपीबी म्हणतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. माझ्या टँकमध्ये आणि खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या टाकीत, मिळून ३०० लिटर पाणी आहे, म्हणजे एवढ्या सगळ्या पाण्यात तांबं होतं जेमतेम ७ मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅम भरतो. त्या दाण्याचा एक तृतीयांश तुकडा, तीनशे लिटरमध्ये विरघळलेला, आणि त्यावर चार गोगलगायी आणि एक श्रिम्प गेले.

तुलनेसाठी: खुल्या समुद्रात पृष्ठभागाजवळ तांबं लिटरला एका मायक्रोग्रॅमच्याही आत असतं. कोरलच्या अंड्यांवर झालेल्या प्रयोगांत ते दहा-वीस मायक्रोग्रॅमच्या घरात गेलं की फलनाचं प्रमाण घसरताना दिसलं आहे. आता माणसाच्या पिण्याच्या पाण्याकडे बघा. अमेरिकेत तांब्यासाठी कारवाईची पातळी आहे लिटरला १.३ मिलिग्रॅम, म्हणजे १३०० मायक्रोग्रॅम. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये स्वीकार्य मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट. आपण मुद्दाम तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी उठून पितो. ते आपल्याला मानवतं. त्यातलं अर्धं भांडं रीफ टँकमध्ये ओतायची मात्र माझी हिंमत नाही.

यातली गंमत अशी की श्रिम्प, खेकडे आणि कितीतरी गोगलगायींच्या रक्तातच तांबं असतं. आपलं रक्त लोहावर चालतं, त्यांचं तांब्यावर. म्हणून ते निळसर. तांबं त्यांना हवंच असतं, पण मोजून. पाण्यात मोकळं फिरणारं तांबं कल्ल्यांतून आत शिरतं आणि शरीरातलं मीठ-पाण्याचं गणित सांभाळणारी यंत्रणा बिघडवतं. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणावरही ते घाव घालतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नाशिकच्या द्राक्षांवर आणि कोकणातल्या सुपारीवर जे बोर्डो मिश्रण फवारतात ते मोरचूद आणि चुना, म्हणजे तांबंच. बोटींच्या तळाला शिंपल्यासारखे जीव चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यातही तांबंच असतं. कणा नसलेल्या समुद्री जीवांना हाकलून लावायला माणसाने निवडून काढलेला धातू आहे हा.

मोकळं आणि बांधलेलं

लहानपणी आमच्याकडे कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवायला बंदी होती. ठेवली तर ती कळकायची: चव तुरट, रंगावर हिरवट झाक, आणि पिणाऱ्याला मळमळ. आंबटाने पितळेतलं तांबं सुटून ताकात उतरायचं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, तो ताक आणि पितळ यांच्यामध्ये उभा राहायचा. हा 'कळकणं' शब्द मी वीस वर्षांत वापरला नव्हता. रिपोर्ट वाचताना तोंडून तोच निघाला. माझा टँक कळकला होता.

पण ताक आणि टँक यांत एक फरक आहे, आणि तो कळला नाही तर रिपोर्ट वाचून उगीच झोप उडते. टँकच्या पाण्यात माशांची विष्ठा, शैवालाचे स्राव, सडलेलं अन्न यांतून आलेले सेंद्रिय रेणू खूप असतात. त्यातले काही तांब्याला घट्ट धरून बसतात. असं बांधलेलं तांबं जिवांना बरंच कमी बाधतं. खरा त्रास मोकळ्या आयनाचा. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हौशी लोकांत यावरून बराच वाद झाला होता. एका बाजूचं म्हणणं असं की कृत्रिम मिठामुळे टँकमध्ये धातू साचत जातात आणि प्राणी त्यानेच मरतात. दुसऱ्या बाजूला रँडी होम्स-फार्ली यांच्यासारखे रसायनतज्ज्ञ सांगत होते की एकूण धातूचा आकडा आणि विषारी धातूचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दुसरी बाजू पटते. जुन्या, भरपूर जीव असलेल्या टँकमध्ये तांबं ५-६ निघालं आणि सगळं फुलून आलेलं असेल, तर मी काहीही करत नाही. माझ्या टँकमध्ये जीव मरत होते. तिथे वाट बघण्यात अर्थ नव्हता.

लॅबमध्ये काय होतं

घरगुती टेस्ट किटने हे काम होत नाही. तांब्याची रंगबदल किट माशांना तांब्याचं औषध देताना वापरायला बनवलेली असते, आणि ते औषध असतं लिटरला १५० ते २०० मायक्रोग्रॅमच्या घरात. २४ वर तिच्यात रंग आला-न-आल्यासारखा. म्हणून लॅबमधली आयसीपी तपासणी.

आयसीपीचं तत्त्व दिवाळीतलंच आहे. भुईनळ्याचा हिरवा रंग बेरियममुळे येतो, तांबडा स्ट्रॉन्शियममुळे. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतं. लॅबमध्ये तुमच्या पाण्याचा बारीक फवारा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. हा प्लाझ्मा ६,००० ते १०,००० केल्विन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तापलेला असतो. त्यातून निघणाऱ्या प्रकाशाच्या बारीक रेषा मोजल्या की तीसेक मूलद्रव्यांचा हिशेब एका दमात मिळतो. जर्मनीतल्या ट्रायटन, एटीआय, फाउना मरीन अशा कंपन्यांनी हौशी लोकांसाठी ही सोय सुरू केली आणि आमच्या छंदाचा चेहरामोहराच बदलला.

मात्र या यंत्राची नजर सगळीकडे सारखी तीक्ष्ण नाही. समुद्राच्या पाण्यात एवढं मीठ असतं की ते सूक्ष्म धातूंच्या रेषांच्या आड येतं. समुद्रातलं खरं, निरोगी तांबं या पद्धतीला बहुधा दिसतच नाही. रिपोर्टवर शून्य येतं आणि ते ठीकच आहे. आकडा दोन असेल तर तो दोन आहे की चार यावर डोकं फोडू नये. आयसीपी मोजतं ते एकूण धातू, मोकळा किती आणि बांधलेला किती हे सांगत नाही. आणि नमुना घेताना आपणच घाण करू शकतो. हातात अंगठ्या-बांगड्या नकोत, स्वयंपाकघरातला चमचा नको, नळी टँकच्याच पाण्याने तीनदा विसळायची. एखादा आकडा एकटाच वेडावाकडा आला आणि टँक सुखात दिसतोय, तर पुन्हा नमुना पाठवा. औषध ओतू नका.

जोडी बघायची

मला या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. धातू पाण्यातून येत नाही, वस्तूतून येतो. रिपोर्टवर लाल रंगात छापलेला आकडा म्हणजे आजार नव्हे, तो कुठल्यातरी वस्तूचा पत्ता आहे. आणि वस्तू ओळखायची तर एक आकडा पुरत नाही, सोबतचे आकडे बघावे लागतात.

तांबं आणि जस्त एकत्र वाढले तर पितळ. तांबं आणि कथील एकत्र दिसले तर कांसं, किंवा सोल्डर केलेला तांब्याचा पाइप. लोह, क्रोमियम आणि निकेल हे त्रिकूट म्हणजे स्टेनलेस स्टील. पाइपावरचे क्लॅम्प, झाकणाची बिजागरी, पंपातला स्क्रू. 'स्टेनलेस' या शब्दावर फार भरवसा ठेवू नये. समुद्राचं क्लोराइड त्याला सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतं. निकेल आणि लोह आहेत पण क्रोमियम नाही, तर मी आधी काच घासायचं चुंबक उचलून बघते. ही चुंबकं निओडिमियम, लोह आणि बोरॉनची असतात आणि वर निकेलचा मुलामा. प्लास्टिकच्या कवचाला केसाएवढी चीर गेली की आतलं चुंबक गंजून फुगतं. कवच फुगलेलं हाताला कळतं.

कथील एकटंच वर आलं तर बहुतेक नवा मऊ प्लास्टिकचा पाइप. पीव्हीसी टिकावं म्हणून त्यात कथलाची संयुगं घालतात आणि ती सुरुवातीला झिरपतात. ज्या कथलाने आजीचं ताक वाचवलं तेच इथे आरोपी. ॲल्युमिनियम वाढलं तर फॉस्फेट काढायच्या ॲल्युमिनियमवाल्या माध्यमाकडे, सिरॅमिकच्या विटांकडे, नाहीतर नळाच्या पाण्याकडे बघायचं, कारण पाणी शुद्धीकरणात तुरटी किंवा तिची भावंडं वापरली जातात. आणि जस्त एकटंच असेल तर गॅल्व्हनाइज्ड काहीतरी, किंवा, हसू नका, नाणं. १९८२ नंतरच्या अमेरिकन पेनीत ९७.५ टक्के जस्त असतं, वरून फक्त तांब्याचा मुलामा. घरात लहान मूल असेल आणि टँकला झाकण नसेल तर वाळू चाळून बघा. आपल्या माणसांना पाणी दिसलं की नाणं टाकायचा मोह होतोच.

आरोपींच्या यादीत एक नाव लोक कधीच घालत नाहीत: त्यांची स्वतःची बाटली. 'ट्रेस एलिमेंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत जस्त, तांबं, मँगनीज असतंच, ते घालण्यासाठीच ती बाटली आहे. न मोजता दर रविवारी एक झाकण घालत राहिलं की सहा महिन्यांत रिपोर्ट लाल होतो, आणि मग माणूस टँकच्या मागे टॉर्च घेऊन गंज शोधत बसतो. खाण्यातूनही धातू येतात, तेही कमी नाही, पण ते हळू येतात आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), शैवाल, पाणी बदलणं यांतून बाहेरही जातात.

चार बाटल्या, आणि पाचवी

माझ्या रिपोर्टमध्ये तांबं आणि जस्त जोडीने होतं, म्हणजे पितळ. पण कुठलं? टँकमध्ये पितळ नव्हतं, मी शपथेवर सांगितलं असतं. आमचं घर जुनं, नळाचे पाइप तांब्याचे, त्यामुळे पहिला संशय तिथे. अशा वेळी करायचं ते एवढंच की पाण्याच्या प्रवासातल्या प्रत्येक टप्प्यावर एक नमुना घ्यायचा: नळाचं पाणी, आरओ-डीआय या शुद्धीकरण यंत्रातून निघालेलं पाणी, त्यात मीठ घालून केलेलं ताजं खारं पाणी, आणि टँक. जिथे आकडा उडी मारतो, त्याच्या आधीच्या टप्प्यात चोर.

इथे टीडीएस मीटरबद्दल, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राबद्दल, एक शब्द. डीआयनंतर मीटरवर शून्य आलं की लोक निर्धास्त होतात. त्या मीटरची सगळ्यात लहान पायरी १ पीपीएम, म्हणजे १००० पीपीबी. माझं २४ तिथे दिसणारच नाही. आरओची जाळी धातू ९५ ते ९८ टक्के अडवते. नळात १३०० असेल तर ९८ टक्के अडवूनही २६ उरतात. ते टिपायला डीआयची रेझिन, म्हणजे धातू धरून ठेवणारे बारीक दाणे. रेझिनचा रंग बदलला तरी 'अजून एक महिना जाईल' म्हणणारी मीही होते.

चार नमुने गेले. नळ: तांबं १८०. आरओ-डीआय: शून्य. ताजं खारं पाणी: शून्य. टँक: २६.

दोन आठवड्यांत टँक आणखी वाढला होता आणि आत येणारं पाणी स्वच्छ होतं. म्हणजे चोर टँकच्या आतच, असा निष्कर्ष. मग मी एका शनिवारी टँक रिकामा करणं तेवढं बाकी ठेवून सगळं उलगडलं. पंप उघडले, इम्पेलर काढून पाहिले, हीटरच्या काचेवर नख फिरवलं, चुंबकं दाबून पाहिली, दिव्यांचे स्क्रू पाहिले, कारण मिठाचे थेंब वर उडून गंजलेल्या स्क्रूवरून परत खाली पडतात. काही नाही. संशय होता त्या दोन वस्तूंची बादलीपरीक्षा घेतली. ही करायला सोपी आणि फार कामाची: स्वच्छ प्लास्टिकची बादली, ताजं खारं पाणी, त्यात संशयित आठवडाभर बुडवून ठेवायचा, शेजारी दुसऱ्या बादलीत नुसतं तेच पाणी. दोन्हींचे नमुने पाठवायचे. माझे दोन्ही संशयित निर्दोष सुटले.

चूक माझ्या नमुन्यात होती. आरओ-डीआयचं पाणी तळघरातल्या पिंपात साठतं. नमुना मी पिंपात प्लास्टिकचा कप बुडवून घेतला होता. मीठ कालवलेलं पाणीही त्याच पिंपातून कपाने काढून केलेलं. पण रोज बाष्पीभवनाने जे चार-पाच लिटर कमी होतं ते भरायला पाणी पिंपातून कपाने येत नाही. ते छोट्या पंपाने, पाइपातून, वर बैठकीत येतं. जानेवारीत तो पाइप आखूड पडला म्हणून मी दोन पाइप जोडले होते. जोडायला बागेच्या होजची एक जोडणी ड्रॉवरमध्ये पडली होती. पिवळी, चकचकीत, जड.

पाइपाच्या टोकाला, रात्रभर आत साचलेल्या पाण्यातलं पहिलं अर्धा लिटर धरलं. तांबं ३४०, जस्त ५१०. आरओ-डीआयचं पाणी निर्मळ असतं म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण त्यात विरघळलेलं काहीच नसल्यामुळे ते धातूच्या बाबतीत अधाशी असतं. त्याच्या वाटेत पितळ कधी येऊ देऊ नये. जोडणी उघडली तर आतून ती पिवळी राहिलीच नव्हती, गुलाबी झाली होती. पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं, म्हणून तो रंग. आणि म्हणूनच रिपोर्टमध्ये जस्त तांब्याच्या वर होतं. बाहेरून कडेला हिरवा कळंक.

तेव्हा नमुना घ्यायचा तो पाणी जिथे प्रत्यक्ष टँकमध्ये पडतं तिथे. पाइपाच्या टोकाला, सकाळी, पाणी सोडण्याआधी. पिंपातला कप काही सांगत नाही.

बाहेर काढणं

उगम सापडण्याआधी नुसतं पाणी बदलत राहणं किती फोल आहे हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा उगमातून दर आठवड्याला २ मायक्रोग्रॅमची भर पडते आणि तुम्ही आठवड्याला १० टक्के पाणी बदलता. पातळी वाढत वाढत २० च्या आसपास जाऊन थांबेल, कारण २० चे १० टक्के म्हणजे २. जेवढं येतं तेवढंच जातं. तुम्ही इमानेइतबारे बादल्या वाहत राहाल आणि रिपोर्ट हलणार नाही. उगम बंद केल्यावर मात्र हेच पाणी बदलणं कामाला येतं. २० टक्क्यांचे चार बदल केले की गणिताने ४१ टक्के उरतं. माझं २६ चं १०-११ व्हायला हवं होतं.

झालं १४. फरक खडकात होता. तांबं चुनखडीच्या खडकावर आणि वाळूवर चिकटून बसतं, आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू परत सुटतं. म्हणून पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी नमुना पाठवून आनंद साजरा करू नये. तीन-चार आठवडे थांबून पाठवावा. याच कारणाने, ज्या टँकमध्ये माशांना तांब्याचं औषध दिलं तो टँक, ती वाळू, तो खडक पुढे कोरलसाठी वापरायचा नसतो. औषध द्यायचं ते वाळू-खडक नसलेल्या वेगळ्या टँकमध्ये. भारतात हे जास्त लागू पडतं, कारण तिथले बहुतेक समुद्री टँक माशांचे असतात. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, तेव्हा तिथे कुणी स्वस्तात 'लाइव्ह कोरल' दाखवलं तर धातूच्या आधी तो प्रश्न विचारा.

उरलेलं तांबं ओढून घ्यायला धातू धरणारी रेझिन मिळते. मी सीकेमचं क्युप्रिसॉर्ब वापरलं. छोट्या पिशवीत भरून सम्पमधल्या वेगवान पाण्यात ठेवायचं. ते तांबं धरत जातं तसं निळसर-काळं पडत जातं. पॉली-फिल्टर नावाची गादी मिळते, तीही रंग बदलते. ॲक्टिव्हेटेड कार्बन बांधलेलं तांबं सेंद्रिय रेणूंसकट उचलतो, स्किमरही थोडं फेसातून बाहेर टाकतो, आणि शैवाल वाढवून कापून फेकलं तरी धातू जातात. नळाच्या पाण्यात घालायचं 'जड धातूंवर उपाय' म्हणून विकलं जाणारं द्रव्य मात्र मी टाळते. त्याने धातू बांधला जातो, बाहेर जात नाही. आणि मग रिपोर्टमधला आकडा तसाच असतो पण त्याचा अर्थ काय लावायचा ते कळेनासं होतं.

जे लोक कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी घालतात त्यांच्यासाठी एक आयती सोय आहे. निवळीचा पीएच एवढा वर असतो की बरेच धातू तिच्यात विरघळून राहू शकत नाहीत, तळाच्या पांढऱ्या गाळात बसतात. तेव्हा वरची नितळ निवळीच घ्यायची, गाळ ढवळायचा नाही. पानाच्या चुन्याची निवळी काढणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

आयसीपीचे रिपोर्ट वारंवार काढणं स्वस्त नाही, आणि भारतातून जर्मनीला नळी पाठवायची तर कुरिअरचाच खर्च वेगळा. मुंबईत आयआयटीच्या साइफ या उपकरण-केंद्रासारख्या ठिकाणी आयसीपी यंत्रं आहेत, पण पिण्याच्या पाण्यासाठी बसवलेली पद्धत आणि समुद्राच्या पाण्यासाठीची पद्धत वेगळी. कुठल्याही लॅबला नमुना देण्याआधी स्पष्ट विचारावं: पाणी खारं आहे, ३५ सॅलिनिटीचं, त्यात तांबं दहा मायक्रोग्रॅमपर्यंत दिसेल का? मीठ फार म्हणून त्यांनी नमुना शंभर पट पातळ केला तर जे शोधायचंय तेच शंभर पट लपेल.

रेझिन घातल्यावर सहा आठवड्यांनी तांबं ४ वर आलं, जस्त ६. ॲक्रोपोराच्या तीन काड्या गेल्या. उरलेल्यांच्या टोकांवर जूनमध्ये पुन्हा जांभळा रंग दिसू लागला. मश्रूम सगळ्यात आधी पसरले, ते चिवटच. नव्या गोगलगायी आणताना मी आधी एकच आणली, दोन आठवडे ती काचेवर फिरताना पाहिली आणि मग आणखी पाच आणल्या. पाइपाची जोडणी आता प्लास्टिकची आहे, दोन डॉलरची.

जुनी जोडणी फेकवली नाही. खिडकीत ठेवली आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आईला ती दिसली. मी तिला सगळी कथा सांगितली, तांबं, जस्त, गुलाबी झालेलं पितळ, मेलेल्या गोगलगायी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, कळंक चढलाय त्याला. चिंच लावून घास ना, लखलखीत होईल."